पहिला कॅमेरा ड्रोन घ्यायचाय: सातारा परिसर, निव्वळ हौस

कोरेगावकर
नमस्कार मंडळी. हौस म्हणून पहिला कॅमेरा ड्रोन घ्यायचा विचार आहे. बजेट पन्नास हजारांच्या आसपास, जुना चालेल. चित्रीकरण मुख्यतः उरमोडीचं पाणी, सज्जनगड, चाळकेवाडीचं पठार आणि जमलं तर कास. लग्नाच्या ऑर्डरी वगैरे घ्यायच्या नाहीत. प्रश्न तीन: परवाना लागतो का, घेताना काय तपासायचं, आणि पहिल्याच आठवड्यात दरीत जाऊ नये म्हणून काय शिकायचं?

जुनापुराणा
आधी कागद. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यावर २ किलोपर्यंतचा मायक्रो. नॅनोला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रोलाही बिगर-व्यावसायिक वापरासाठी लागत नाही. म्हणून हौशी लोक २४९ ग्रॅमच्या मिनी गटाकडे वळतात. मात्र जास्त क्षमतेची बॅटरी किंवा पंख्यांचे गार्ड लावले की तोच ड्रोन २५० च्या वर जातो, हे विसरू नका.

डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळावरचा नकाशा प्रत्येक वेळी, निघायच्या आधी बघा. हिरव्या भागात १२० मीटर म्हणजे ४०० फुटांपर्यंत परवानगीशिवाय उडवता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किमीच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी हवी, लाल भागाचा विचारच सोडा. दंड १ लाख रुपयांपर्यंत आहे. नकाशा हिरवा दिसला म्हणजे सगळं मोकळं असंही नाही: पोलिसांचे तात्पुरते मनाई आदेश, वनखात्याची जमीन, पुरातत्त्व खात्याची स्मारकं यांचे नियम वेगळे. कास २०१२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. तिथे वनखात्याला विचारल्याशिवाय पिशवीतून ड्रोन काढूही नका.

आता खरेदी. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. त्यामुळे बाजारात 'सीलबंद नवा' म्हणून मिळणारा परदेशी मिनी कुठल्या वाटेने आला, हा प्रश्न राहतो. वॉरंटी नाही, दुरुस्तीला अधिकृत केंद्र नाही. जुना घेतलात तर जीएसटी बिल मागा, आणि नोंदणी क्रमांक असेल तर तो स्वतःच्या नावावर करून घ्या. ज्याचा कागद नाही तो स्वस्त असला तरी नको, हे माझं ठाम मत.

जुना तपासताना हे बघा:
– बॅटरी टेबलावर सपाट बसते का? किंचित डुगडुगली तरी फुगलीय. ॲपमध्ये चार्जची आवर्तनं दिसतात, दोनशेच्या आसपास असतील तर तिची किंमत शून्य धरा.
– बाहूंच्या बिजागरापाशी केसासारखी भेग. टॉर्च तिरपा धरून बघा.
– चालू केल्यावर कॅमेरा स्वतः डावी-उजवीकडे, वर-खाली फिरून क्षितिजाला समांतर थांबला पाहिजे. थरथरला किंवा चित्र मधेच गेलं तर आतली रिबन केबल दुखावलेली आहे.
– मालकाने तुमच्यासमोर आपल्या खात्यातून ड्रोन काढून टाकला पाहिजे. हे राहिलं तर पुढे सगळं अडतं, आणि पैसे दिल्यावर फोन कोण उचलतो?

हे मिनी बनवणाऱ्या डीजेआय या चिनी कंपनीचं अँड्रॉइड ॲप प्ले स्टोअरवर नसतं, कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावं लागतं. सौदा ठरवायच्या आधी तुमच्या फोनवर ते चालतं का बघा.

वातकुक्कुट
कागदाबद्दल वर सगळं आलंय, मी वाऱ्यावर बोलतो. चाळकेवाडीला पवनचक्क्या उगाच उभ्या केल्या नाहीत. या गटातले ड्रोन बटणं चुकीची दाबल्याने जातात त्यापेक्षा जास्त परतीचा हिशेब चुकल्याने जातात.

आकडेच घ्या. मिनी गट साधारण १०.७ मीटर प्रति सेकंद वारा सहन करतो. साध्या मोडमध्ये त्याचा कमाल वेग सेकंदाला १० मीटर, स्पोर्ट या वेगवान मोडमध्ये १६. हवामानाच्या ॲपवर दिसणारा वारा जमिनीलगतचा असतो, शंभर मीटरवर तो दीडपट सहज होतो. समजा वर ९ चा वारा आहे. वाऱ्याबरोबर ६०० मीटर जायला अर्धं मिनिट लागतं. तोंड फिरवलंत की वेग उरतो सेकंदाला १ मीटर. तेच ६०० मीटर यायला १० मिनिटं! स्पोर्ट मोड टाकलात तर दीड मिनिट, पण बॅटरी भराभर उतरते. ड्रोन मात्र जाताना इतका छान पळतो की काही बिनसतंय अशी शंकाही येत नाही.

म्हणून पहिला पल्ला नेहमी वाऱ्याच्या तोंडावर. बॅटरी ५० टक्क्यांवर आली की परत फिरायचं, ३० टक्के असताना ड्रोन डोक्यावर हवा. डब्यावर ३० मिनिटं लिहिलेली असली तरी हिशेबात २०-२२ धरा. बॅटरी कमी झाल्यावर ड्रोन आपण होऊन परत फिरतो, पण समोरच्या वाऱ्याचा पुरता हिशेब तो धरत नाही. अडकलात तर उंची कमी करा, खाली वारा कमी असतो.

दुसरं, आपोआप घरी येण्याची उंची. नवखे इथेच फसतात. ॲपमधली उंची ही तुम्ही जिथून उडवलं तिथपासून मोजलेली असते, ड्रोनच्या खालच्या जमिनीपासून नाही. परळीला पाण्याकाठी उभं राहून ती ६० मीटर ठेवलीत आणि ड्रोन डोंगराच्या आड गेला, तर सिग्नल तुटल्यावर तो ६० मीटरवर येऊन नाकासमोर घराकडे निघेल आणि कड्याला धडकेल. या गटातल्या बऱ्याच मॉडेलना फक्त खाली बघणारे सेन्सर असतात, समोरचं दिसत नाही. मधल्या सगळ्यात उंच गोष्टीपेक्षा २० मीटर जास्त ठेवा. ते १२० मध्ये बसत नसेल तर डोंगरामागे जाऊच नका. उलट बाजूने, पठाराच्या कडेवरून दरीत खाली उतरवलात तर कड्याची धार मधे येते आणि सिग्नल तिथेच तुटतो. कडेला ड्रोन दिसत राहील असं उभं राहा, फक्त स्वतःचा पाय सांभाळून.

डोंगराच्या वाऱ्याआडच्या बाजूला हवा खाली ओढते, चक्क्यांच्या मागे ती घुसळलेली असते. चक्क्यांपासून दोन-तीनशे मीटर लांब राहूनही चित्र चांगलं येतं. घार घिरट्या घालू लागली तर वर चढवा. ती वरून झडप घालते, सरळ वर चढणाऱ्याच्या मागे लागणं तिला जड जातं.

कोरेगावकर
दोघांचेही आभार. सराव घराच्या गच्चीवर करू का? खाली अंगणात आंब्याची झाडं आहेत.

वातकुक्कुट
गच्ची नको. स्लॅबमधल्या सळ्यांमुळे होकायंत्र चुकतं, वर पाण्याच्या टाकीचा लोखंडी स्टँड असतोच. सुरुवातीला ठीक वाटतं, वर गेल्यावर ड्रोन एका जागी न थांबता गोल गोल वाहत जातो. कापणी झालेलं रान किंवा शाळेचं रिकामं मैदान बघा, सकाळी सात ते नऊ. गाडीपासून दहा पावलं लांब. खाली रबरी मॅट टाका, धूळ मोटरमध्ये जाते आणि गवताची काडी पंख्यात अडकते.

क्रम असा: कॅमेऱ्याचं प्लास्टिकचं झाकण आधी काढा, मग चालू करा. झाकणासकट चालू केलं तर कॅमेरा फिरवणाऱ्या मोटरवर ताण येतो. 'होम पॉइंट नोंदवला' (म्हणजे परतीची जागा) असं येईपर्यंत थांबा. दोन मीटरवर नेऊन अर्धा मिनिट तरंगत ठेवा, सरकतोय का बघा.

पहिल्या चार बॅटऱ्या संपेपर्यंत चित्रीकरण विसरा. शेपूट तुमच्याकडे ठेवून चौकोन काढा. मग ड्रोनचं तोंड तुमच्याकडे करून तोच चौकोन. डावं-उजवं उलटं होतं, बोटांना ते पाठ होऊ दे. शेवटी इंग्रजी आठचा आकडा. उपग्रह सुटले तर ड्रोन वाऱ्यावर वाहतो, आणि तेव्हा हाच सराव वाचवतो. त्यासाठी आधी जीपीएस नसलेला छोटा खेळण्यातला ड्रोन घरात उडवलात तर उत्तम. आपल्याकडे बनणारा द्रोणा एव्हिएशनचा प्लूटोही शिकायला बरा.

पंखे दोन जातींचे असतात, खुणा जुळवून लावा. उलटसुलट लागले तर उडताक्षणी पलटी. काठाला टवका गेला की जोडी बदला, स्क्रूही नवे वापरा. जुन्या स्क्रूवरचा चिकट लेप गेलेला असतो.

शटरवाला
चित्राबद्दल थोडं. मेमरी कार्ड व्ही३० (लिहिण्याच्या वेगाची खूण) लिहिलेलं घ्या. ४के साधारण सेकंदाला १०० मेगाबिटने लिहिलं जातं, म्हणजे मिनिटाला ७५० एमबी, वीस मिनिटांना १५ जीबी. ६४ जीबी पुरेसं. फ्रेम सेकंदाला २५ ठेवा, शटर १/५० सेकंद. भर दुपारी एफ २.८ (भिंगाचं छिद्र) आणि आयएसओ १०० (उजेडाची संवेदनशीलता) ला शटर १/३२०० च्या आसपास जातं. ते १/५० वर आणायला सहा स्टॉप (दर स्टॉपला उजेड निम्मा) कापावे लागतात, म्हणजे एनडी ६४ हा भिंगावरचा काळपट फिल्टर. सकाळी एनडी ८ किंवा १६ भागतं. पहिल्या महिन्यात फिल्टर नसले तरी चालेल. चित्र खराब दिसतं ते बहुधा जोरात वळवल्याने. सिने मोड (संथ हालचालीचा) टाका, एका शॉटमध्ये एकच हालचाल, दहा सेकंद.

उरमोडीवर सूर पाण्यालगत मारायचा मोह होईल. खालचे सेन्सर लाटांनी फसतात आणि ड्रोन हळूहळू खाली येतो. पाच मीटरच्या खाली नको. कासच्या हंगामातलं धुकं म्हणजेही पाणीच, आणि या ड्रोनना जलरोधक असं काही नसतं.

जुनापुराणा
बॅटऱ्या राहिल्या. पूर्ण भरून कपाटात ठेवू नका, ५०-६० टक्क्यांवर ठेवा. उडवून आल्यावर गरम असताना चार्जला लावू नका. मे महिन्यात गाडीच्या डिकीत विसरलेली बॅटरी फुगते. फुगलेली परत वापरायची नाही, टोचायची नाही, ई-कचऱ्यात द्यायची. तीन बॅटऱ्या घ्या. दोन असल्या की माणूस शेवटचे दहा टक्के ताणत बसतो.