विषय: हॅमिल्टनचं विमान म्युझियम, सहल जुलैऐवजी फेब्रुवारीत नेऊया का?

नमस्कार मंडळी,

यंदाच्या सहलींच्या यादीत हॅमिल्टनचं कॅनेडियन वॉरप्लेन हेरिटेज म्युझियम बघून फार आनंद झाला, फक्त तारीख जुलैची टाकलीये तेवढी बदलता आली तर बघा. उन्हाळ्यात तिथलं लँकेस्टर, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं मोठं बॉम्बर विमान, बऱ्याचदा एअर शोला गेलेलं असतं, आपण एवढ्या लांब जायचं आणि नेमकी त्याचीच जागा रिकामी असं नको व्हायला. थंडीत ते हँगरमध्ये असतं, इंजिनांची झाकणं उतरवलेली, खाली तेलासाठी ट्रे मांडलेले, आणि शिडीवर चढून काम करणारी माणसं, त्यातले कितीतरी व्हॉलंटियर, रिटायर झालेले. पोरांनी काही विचारलं तर हातातलं काम बाजूला ठेवून समजावून सांगतात.

आणि हे विमान आपल्या गल्लीतलंच म्हणा ना! आपण पाहुण्यांना आणायला टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर जातो तिथेच, मॉल्टनला, व्हिक्टरी एअरक्राफ्टचा कारखाना होता, ४३० लँकेस्टर बनली तिथे. त्यातलंच हे एफएम २१३ नंबरचं, १९४५ चं. युद्धानंतर समुद्रावर गस्त आणि शोधकार्य केलं, १९६३ पर्यंत उडलं, मग गोडरिच गावात लेक ह्युरॉनच्या वाऱ्यात आणि बर्फात उघड्यावर खांबांवर उभं करून ठेवलेलं. म्युझियमने १९७७ मध्ये मिळवलं, १९७९ मध्ये त्याचं धड चिनूक हेलिकॉप्टरला टांगून हॅमिल्टनला आणलं आणि २४ सप्टेंबर १९८८ ला ते परत उडलं. आज जगात उडणारी लँकेस्टर दोनच, दुसरं इंग्लंडमध्ये. २०१४ मध्ये आपलं अटलांटिक ओलांडून गेलं आणि दोघं शेजारी शेजारी उडली.

तिथे गेलात की बॉलिंगब्रोक नावाच्या युद्धकाळातल्या विमानापाशी नक्की थांबा, वर्षानुवर्षं त्याची जुळणी चालूये. जुना पत्रा नव्या अ‍ॅल्युमिनियमवर ठेवून भोकं जुळवायची, ती जुळून राहावीत म्हणून छोट्या रंगीत क्लिपा लावायच्या, मग एक जण बाहेरून रिव्हेट गन धरतो आणि दुसरा आतून लोखंडाचा ठोकळा दाबून धरतो. दोघांचा हात जमला नाही तर रिव्हेट वाकडा बसतो, ड्रिल करून काढायचा, परत पहिल्यापासून. एका पंखात असे हजारो. हे बघितलं की विमान 'दुरुस्त केलं' म्हणजे काय ते पोरांना कळेल, माहितीची पाटी वाचून नाही कळणार.

– मिसिसॉगा

---

उत्तर:

ताई, फेब्रुवारीला माझा पाठिंबा. पण मंडळाने ऑटावाचं एव्हिएशन म्युझियमही यादीत घ्यावं ही विनंती, तिथलं लिबरेटर भारतातून आलंय हे आपल्यातल्या किती जणांना माहितीये? युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी कानपूरला लिबरेटर बॉम्बरांचा ढीग टाकून दिला, तोही कुणाला वापरता येऊ नये म्हणून मुद्दाम मोडतोड करून. एचएएलच्या लोकांनी एकातलं काढून दुसऱ्यात बसवत चाळीसेक विमानं उभी केली, आणि टेस्ट पायलट जमशेद मुन्शी यांनी ती कानपूरहून बेंगळुरूला उडवत नेली, पुरती दुरुस्ती व्हायच्या आधी! मी स्वतः हँगरमध्ये आयुष्य काढलंय, त्यामुळे अशा विमानात बसून टेकऑफ घेणं म्हणजे काय हे मला चांगलं कळतं. १९५१ मध्ये सहा नंबरची स्क्वाड्रन याच लिबरेटरवर आपल्या पुण्यात परत उभी राहिली, अरबी समुद्रावरच्या टेहळणीसाठी. १९६८ पर्यंत हवाईदलाने ती वापरली, बाकी जगात तोवर बहुतेक भंगारात गेली होती, म्हणून आज म्युझियममधून दिसणाऱ्या लिबरेटरांपैकी बरीच आपल्याकडून गेलेली आहेत. ऑटावाचं १९६८ मध्ये कॅनडाला दिलं, बदल्यात कॅनडाने लायसँडर दिलं, ते दिल्लीला पालमच्या म्युझियममध्ये आहे. कानपूरच्या त्या फिटर-मेकॅनिक लोकांची नावं कुठे लिहिलेली दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

– काका, ब्रॅम्प्टन

---

उत्तर:

काका, हे पोरांसमोर तुम्हीच सांगायचं, बसमध्ये माइक तुमच्याकडे! एक भर घालते. हॅमिल्टनच्या लँकेस्टरवर व्हीआर-ए अक्षरं आहेत ती अँड्र्यू मायनार्स्कीच्या विमानाची, तो मधल्या टरेटवरचा (बंदुकीच्या फिरत्या घुमटातला) कॅनेडियन गनर. जून १९४४ मध्ये विमान पेटलेलं असताना शेपटीच्या टरेटमध्ये अडकलेल्या गनर पॅट ब्रॉफीला सोडवायला तो आगीतून मागे गेला, स्वतःचे कपडे पेटले, टरेट काही हलेना, शेवटी ब्रॉफीनेच त्याला जा म्हणून खूण केली. उडी मारायच्या आधी त्याने ब्रॉफीला सॅल्यूट केला. मायनार्स्की भाजून गेला, आणि विमान कोसळूनही ब्रॉफी वाचला, म्हणून तर हे सगळं जगाला कळलं. मुलांना आत दाखवतील तेव्हा मधल्या टरेटपासून शेपटीपर्यंतचा तो अरुंद रस्ता जरूर दाखवा.

फेब्रुवारीतल्या फॅमिली डेच्या सुट्टीच्या वीकेंडचा शनिवार धरूया का? हँगर गार असतो, जॅकेट काढायचं नाही. म्युझियमशी ग्रुप तिकिटाचं मी बोलते, किती जण येणार ते या रविवारपर्यंत इथेच कळवा, पोरांची वयंही लिहा. ऑटावाचं मेमध्ये बघू, व्हिक्टोरिया डेला जोडून.

– सहल समितीतर्फे, ओकव्हिल