मदत हवी आहे: विंडोज, मॅक आणि उबुंटूवर थेट मराठी किंवा गुजराती कीबोर्डवर जाण्याचा समान शॉर्टकट

नमस्कार मंडळी,

मी बडोद्यात मराठी-गुजराती अनुवाद आणि मुद्रितशोधनाचे काम करतो. घरी विंडोज ११ चा लॅपटॉप आहे, दांडिया बाजारातल्या ज्या कार्यालयात पाने लावली जातात तिथे मॅक आहे आणि ज्या ग्रंथालयात जुने अंक पाहायला बसतो तिथे उबुंटू ही लिनक्स प्रणाली आहे. तिन्हीकडे मी इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांसाठीची प्रमाण कळरचनाच वापरतो, कारण त्यात 'क' मराठीतही आणि गुजरातीतही एकाच कळीवर येतो, त्यामुळे बोटांना दोनदा वळण लावावे लागत नाही. अडचण आहे ती भाषा बदलण्याची.

टंकताना नजर पडद्यावर नसते, डावीकडच्या हस्तलिखितावर असते. मराठी समजून अर्धी ओळ लिहून होते आणि मान वर केल्यावर दिसते की अक्षरांवर शिरोरेषाच नाही, म्हणजे गुजराती चालू राहिले होते. कळा सारख्या असल्यामुळे बोटांना काहीच जाणवत नाही. पुढच्या भाषेवर नेणारा शॉर्टकट इथे पुरत नाही, कारण आत्ता कोणती भाषा चालू आहे हे माहीत असल्याशिवाय तो किती वेळा दाबायचा हे ठरवता येत नाही. त्यामुळे मराठीची एक ठरलेली कळजोडी आणि गुजरातीची दुसरी, असेच हवे आहे.

विंडोजवर हे जमले आहे. कीबोर्डच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये 'इनपुट लँग्वेज हॉट कीज' आहे, तिथे डावे ऑल्ट, शिफ्ट आणि १ यांवर मराठी आणि २ वर गुजराती ठेवले आहे. उबुंटूवर मात्र सुपर आणि स्पेस एवढेच सापडले. सुपर म्हणजे विंडोजचीच कळ, त्यामुळे निदान ते हाताच्या सवयीतले आहे.

खरा गुंता मॅकवर आहे. तिथे कंट्रोल-स्पेसने आधीच्या भाषेवर जाता येते, म्हणजे दोनच भाषा असतील तर ठीक, पण इंग्रजी धरून तीन झाल्या की कंट्रोल-ऑप्शन-स्पेसची जोड लागते. शिवाय मॅकवर कॉपी-पेस्ट कमांड कळीने होते, पण विंडोजच्या सवयीने हात कंट्रोलकडेच जातो म्हणून 'मॉडिफायर कीज'मध्ये कंट्रोल आणि कमांड यांची अदलाबदल करण्याचा विचार आहे. पण तसे केल्यास कंट्रोलची कळ आणि स्पेस दाबल्यावर भाषा बदलण्याऐवजी स्पॉटलाइट, म्हणजे मॅकची शोधपट्टी, उघडेल, कारण ते कमांड-स्पेसवर आहे. स्पॉटलाइटचा शॉर्टकट बदलून ती जागा भाषेला देता येते, हे मला माहीत आहे. तरीही भाषा क्रमानेच बदलणार, थेट नाही.

तेव्हा जाणकारांना विचारायचे ते असे. मॅकवर विशिष्ट इनपुट सोर्ससाठी, म्हणजे एखाद्या भाषेच्या कीबोर्डसाठी, स्वतंत्र शॉर्टकट देण्याची मॅकमधलीच एखादी सोय आहे का, उदाहरणार्थ कामे आपोआप करून घेणारी 'शॉर्टकट्स' किंवा 'ऑटोमेटर' ही अ‍ॅप्स वापरून? उबुंटूच्या नोम डेस्कटॉपवर 'कस्टम शॉर्टकट' म्हणून एखादी आज्ञा लिहून हे साधते का? आणि कंट्रोल-कमांडची अदलाबदल करून रोज विंडोज व मॅक दोन्हींवर काम करणारे कोणी असतील, तर ती सवय टिकली का, हेही जरूर सांगावे.

कार्यालयात आणि ग्रंथालयात सेटिंग्ज बदलण्यास हरकत नाही, पण बाहेरचे सॉफ्टवेअर बसवण्याची परवानगी नाही, त्यामुळे तसे उपाय कृपया सुचवू नयेत. उत्तर देताना प्रणालीची आवृत्ती लिहिल्यास फार मदत होईल, कारण सेटिंग्जमधली नावे आणि जागा आवृत्तीगणिक बदलतात.