मदत हवी आहे: आईच्या बंद अश्रुनलिकेचं ऑपरेशन, बाहेरून की दुर्बिणीने?

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी अश्रुमार्गात पाणी सोडून तपासलं, तर डावी नळी बंद निघाली. नाकाशेजारी कोपऱ्यात दाबलं की पू वर येतो. डॉक्टर म्हणाले, आधी डीसीआर करा, म्हणजे अश्रुपिशवीतून थेट नाकात नवी वाट, मोतीबिंदू नंतर. ते पटलं, डोळ्याच्या आत जंतू गेले तर नजरच जायची.

अडलंय ते पद्धतीवर. एक डॉक्टर बाहेरून छेद घेऊ म्हणतात, दुसरे नाकातून दुर्बिणीने. व्रणाची आईला फिकीर नाही. तिला मधुमेह आहे, रक्त पातळ करायची गोळीही चालू आहे, त्यामुळे रक्तस्रावाची धास्ती वाटते. सत्तरीतल्या कुणाचं झालंय का? नवी वाट उघडी राहावी म्हणून घालतात ती सिलिकॉनची नळी किती दिवस ठेवली? पाणी गळणं पुरतं थांबलं का? सांगली-मिरजेकडे ऑक्युलोप्लास्टीचे (पापण्या, अश्रुमार्ग यांच्या शस्त्रक्रियांचे) चांगले डॉक्टर माहीत असतील तर कृपया सांगा.