परदेशी व्यापारामुळे राज्यातलं चांगलं नाणं कसं गायब होतं? (१७व्या शतकातलं इंग्लंड)

वाचनवेडी:
नमस्कार मंडळी, गेले काही दिवस इंग्लंडच्या जुन्या नाण्यांबद्दल वाचतेय आणि एका ठिकाणी गाडी अडलीये. ईस्ट इंडिया कंपनीला १६०० च्या सनदेतच दर सफरीला ३०,००० पौंडांपर्यंत चांदी बाहेर न्यायची परवानगी होती. पुढे १६६३ मध्ये परदेशी नाणं आणि लगडी न्यायला सगळ्यांनाच मोकळीक मिळाली, पण इंग्लंडचं स्वतःचं नाणं बाहेर न्यायला मनाई कायम होती. मग १६६२ पासून यंत्रावर पाडलेली भरवजनी नाणी निघत होती ती गेली कुठे? कारण १६९५ मध्ये लोकांच्या हातात होती ती जुनी, हातोड्याने ठोकलेली, कडा कातरलेली शिलिंगं, वजन जवळपास निम्म्यावर आलेलं. १६९६ मध्ये ती गोळा करून वितळवली, जवळजवळ ७० लाख पौंडांची चांदी नव्याने पाडली, आणि काही वर्षांत ती नवी नाणीसुद्धा दिसेनाशी व्हायला लागली! एवढा खटाटोप करून हाती काय राहिलं? दोष कुणाचा धरायचा, चांदी नेणाऱ्या कंपनीचा की टांकसाळीचा?

टांकसाळ_गल्ली:
ताई, गावातला दुकानदार शिलिंग मोजून घेतो, राजाचा छाप दिसला की झालं एक शिलिंग. समुद्रापलीकडचा व्यापारी तेच नाणं तोलून घेतो, त्याला छापाशी काही देणंघेणं नाही, कस किती आणि वजन किती एवढंच. आता तुमच्याकडे एक भरवजनी शिलिंग आहे आणि एक कातरलेलं, तर बाजारात कुठलं द्याल? कातरलेलंच ना, आणि भरवजनी राहील पेटीत, नाहीतर जाईल सोनाराच्या मुशीत.

हिशोब करून बघा. टांकसाळीचा दर, म्हणजे एक औंस चांदीची जेवढ्या किमतीची नाणी पाडायचे तो, औंसाला ५ शिलिंग २ पेन्स, म्हणजे ६२ पेन्स. समजा लगडीचा बाजारभाव चढून ६५ पेन्स झाला. १०० पौंडांची भरवजनी नाणी म्हणजे २,००० शिलिंग, ती वितळवली की साधारण ३८७ औंस चांदी, आणि ती विकली की हातात जवळजवळ २,०९७ शिलिंग. एका मुशीत ९७ शिलिंग सुटले, म्हणजे पावणेपाच पौंडांच्या वर. कातरलेल्या नाण्यात हे जमत नाही कारण त्यात चांदीच कमी, म्हणून तेच तेवढं मागे उरतं. आणि मनाईचं म्हणाल तर वितळलेल्या चांदीवर नाव कुठे असतं, ती स्पेनच्या रियाल नाण्याची की लंडनच्या शिलिंगची हे ओळखायचं कसं?

यात १६६६ चा कायदा फार महत्त्वाचा आहे. त्या कायद्याने टांकसाळीतली घडणावळ माफ झाली, तुम्ही चांदी आणून द्या, तेवढ्याच चांदीची नाणी फुकट घेऊन जा. हेतू चांगला होता, लोकांनी धातू आणावा म्हणून, पण त्यामुळे नाण्यात आणि लगडीत फरकच उरला नाही, भाव जरा हलला की नाणं मुशीत. थोडी घडणावळ ठेवली असती तर तेवढा तरी बांध राहिला असता असं मला मनापासून वाटतं.

सराफकट्टा:
वरचा हिशोब बरोबर आहे, पण ती चांदी उतरायची कुठे तेही बघायला पाहिजे. कंपनीला हवं होतं आपल्याकडचं सुती कापड, नीळ, मिरी, आणि त्यांच्या लोकरी कापडाला इथल्या हवेत गिऱ्हाईक फारसं नाही, मग जहाजात चांदी भरल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. १६६० नंतरच्या काही दशकांत कंपनीच्या एकूण निर्यातीत तीन चतुर्थांशाच्या आसपास नुसतं चांदी-सोनं होतं, त्यात स्पॅनिश अमेरिकेतल्या चांदीचे रियाल पुष्कळ.

आणि सुरतेला उतरल्यावर ते रियाल नाणं म्हणून चालतच नव्हते! मोगल मुलखात परकं नाणं म्हणजे फक्त धातू. सराफ ते पारखणार, तोलणार, मग एकतर त्यालाच विकायचं नाहीतर टांकसाळीत देऊन रुपये पाडून घ्यायचे, साडेअकरा ग्रॅमच्या आसपासचा जवळपास शुद्ध चांदीचा रुपया. त्यातही रुपया जुन्या सनाचा असला की सराफ बट्टा कापणार. म्हणजे इथे प्रत्येक नाण्याची तराजूवर परीक्षा व्हायची, मग इंग्लंडमधून कातरलेलं शिलिंग इकडे पाठवणार कोण?

इथे मला महाराजांची आठवण येते. १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी हेन्री ऑक्झिंडन कंपनीच्या मागण्या घेऊन रायगडावर आला होता, त्यात कंपनीचं नाणं स्वराज्यात चालावं अशीही मागणी होती. त्यावर महाराजांची भूमिका अशी की रयतेला तोटा होईल असं नाणं घ्यायची सक्ती मी करणार नाही, पण कस आणि वजन मोगलांच्या आणि इतर राजांच्या नाण्याइतकं असेल तर मनाईही करणार नाही. केवढी स्वच्छ समज आहे ही! तिकडे लंडनला याच मुद्द्यावर वीसेक वर्षांनी डोकेफोड चालली होती.

दप्तरखाना:
थोडा वेगळा सूर लावतो, सगळं खापर कंपनीवर फोडू नका. कंपनीचे एक संचालक टॉमस मन यांनी चांदी नेण्याची बाजू मांडताना शेतकऱ्याचा दाखला दिला होता, की पेरणीच्या वेळीच त्याच्याकडे पाहिलं तर चांगलं धान्य मातीत फेकणारा वेडा वाटेल, कापणीपर्यंत थांबा. आणि खरंच, भारतातलं कापड लंडनला येऊन त्यातलं बरंचसं युरोपात परत विकलं जायचं, त्यातून पैसा यायचाच. शिवाय १६८९ पासून फ्रान्सशी लढाई सुरू होती, फ्लँडर्समधल्या (आजच्या बेल्जियमकडचा मुलूख) फौजेचा खर्च परदेशात चुकवायचा होता, त्याने लगडीचा भाव आणखी चढला.

माझ्या मते मूळ दुखणं ठरवून दिलेल्या दराचं. १६९५ मध्ये खजिन्याचे सचिव विल्यम लाउंड्स म्हणत होते की बाजारभाव चढलाय तर नव्या नाण्यात चांदी साधारण पाचव्या हिश्श्याने कमी घाला. तत्त्वज्ञ जॉन लॉक अडून बसले, म्हणाले वजन हाच करार आहे, त्याला हात लावला तर ज्यांनी कर्ज दिलंय त्यांना लुबाडल्यासारखं होईल. लॉक यांचं चाललं, जुन्याच दराने नाणी पाडली, आणि टांकसाळ_गल्ली यांनी वर मांडलेला हिशोब पुन्हा सुरू!

वाचनवेडी:
बापरे, आता उलगडतंय. पण मग तत्त्व म्हणून लॉक बरोबर नव्हते का? वजन म्हणजे वचन, हे मला तरी पटतं.

दप्तरखाना:
पटण्यासारखं आहेच ताई, पण त्याची किंमत कुणी मोजली ते बघा. कातरलेली नाणी करापोटी दर्शनी किमतीला घेण्याची मुदत ४ मे १६९६ ला संपली. ज्याला मोठा कर भरायचा होता त्याने आपली हलकी नाणी सरकारच्या गळ्यात घालून मोकळं व्हायचं, पण मजुराला कर तो केवढा? त्याच्या मुठीतली चार शिलिंगं एका दिवसात निम्म्या मोलाची, आणि नवी नाणी पुरेशी पाडून झालेली नाहीत, मजुरी द्यायला सुटे नाहीत, काही गावांत दंगेही झाले. हे वाचताना मला अजूनही राग येतो. वचन पाळलं ते सावकाराशी, मजुराला कुणी विचारलं?

टांकसाळ_गल्ली:
यात सोन्याची बाजू राहिली. १६६३ मध्ये २० शिलिंगची म्हणून काढलेली सोन्याची गिनी १६९५ मध्ये ३० शिलिंगपर्यंत गेली होती, नंतर खाली आणली तरी इंग्लंडात सोनं महागच राहिलं. तेव्हा टांकसाळीचा प्रमुख न्यूटन, हो तोच आयझॅक न्यूटन, त्याने १७१७ च्या अहवालात सरळ लिहिलं की चीन-जपानमध्ये एक पौंड सोन्याला नऊ-दहा पौंड चांदी पडते, भारतात बारा, आणि या फरकामुळेच युरोपातली चांदी तिकडे ओढली जाते. इंग्लंडात हेच प्रमाण पंधराच्या वर होतं. म्हणजे चांदी पूर्वेला न्या, जास्त सोनं मिळवा, दोन्हीकडून फायदा. त्यानंतर गिनी २१ शिलिंगला बांधली, पण तेवढ्यानेही प्रमाण पंधराच्या वरच राहिलं, म्हणून टांकसाळीत सोनं येत राहिलं आणि चांदी जात राहिली. इंग्लंड सोन्याच्या नाण्यावर गेलं ते असं, आधी कुणी ठरवून नाही.

वाचनवेडी:
तुम्हा तिघांचे मनापासून आभार. आता गिनी २१ ऐवजी २० शिलिंगलाच बांधली असती तर चांदी थांबली असती का, हे कागद-पेन्सिल घेऊन बसते. आकडे जुळले की इथेच टाकते.