जुन्या दगडी शाळेचे वर्ग अंधारे: खिडक्या मोठ्या कराव्यात का?

प्रश्न – पाटीपेन्सिल

1890च्या सुमारास बांधलेली काळ्या दगडाची शाळा आहे. वर्ग 30 फूट लांब, 20 फूट खोल. उत्तरेला कमानीच्या तीन खिडक्या, प्रत्येकी 4 फूट रुंद. कट्टा 3 फुटांवर, 10 फुटांपर्यंत झडपा आणि त्यावर 13 फुटांपर्यंत काचेचे झरोके. दक्षिणेला 8 फुटी व्हरांडा. मुले पूर्वेकडे तोंड करून बसतात. मूळ छत 16 फुटांवर, सागवानी तक्तपोशी (कौलांखालचे फळ्यांचे अस्तर), वर मंगलोरी कौले. मध्यंतरी 10 फुटांवर फॉल्स सीलिंग घातले, भिंतींना गडद हिरवा ऑइलपेंट दिला. आता व्हरांड्याकडच्या बाकांवर भर दुपारीही ट्यूब लावावी लागते. विश्वस्तांचे म्हणणे, खिडक्या रुंद करून अ‍ॅल्युमिनियमच्या सरकत्या बसवू आणि छतात काचेची कौले टाकू. यातले काय करावे?

चुनागच्ची

दगडाला हात लावू नका. आधी फॉल्स सीलिंग काढा.

खिडकीचा माथा बाकापासून जितका उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत कामापुरता उजेड आत पोचतो. तुमचा माथा 13 फुटांवर, बाक अडीच फूट, म्हणजे उंची साडेदहा आणि पोच 21 फूट. वर्ग 20 फूट खोल आहे. हा मेळ योगायोगाचा नाही. सीलिंगमुळे माथा 10 फुटांवर आला, तेव्हा पोच 15 फूट राहिली. अंधारे बाक नेमके त्या शेवटच्या 5 फुटांतले असणार.

कट्टा खाली उतरवण्याचा विचार कोणी मांडला तर सांगा, बाकाच्या पातळीखालच्या काचेतून बाकावर थेट काहीच पडत नाही. रुंदी वाढवायला बाजूचे दगड काढले की कमानीचा टेकू जातो आणि भिंतीला तिरक्या भेगा पडतात. सरकत्या खिडकीत एका वेळी निम्माच भाग उघडतो, म्हणजे वाराही जाईल. शिवाय इमारत वारसा यादीत असेल तर दर्शनी बाजूच्या बदलाला आधी परवानगी लागते.

निळीचा_हात

सीलिंग काढले तरी हिरव्या भिंती उजेड गिळणारच. आतल्या बाजूला पोचणारा बराचसा उजेड छत आणि भिंतींवरून परतून येतो. स्वच्छ चुन्याची सफेदी पडलेल्या उजेडातला 70 टक्क्यांहून अधिक परत देते. गडद ऑइलपेंट त्याच्या जवळपासही जात नाही.

मात्र ऑइलपेंटवर चुना धरत नाही, पापुद्रे सुटतात. रंग खरवडून मूळ चुन्याचा गिलावा उघडा करा. भिंत ओली करून दुधासारख्या पातळ चुन्याचे तीन-चार हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. घाईने जाड हात दिला की तडकतो आणि मुलांच्या कपड्यांना लागतो. प्लास्टिक पेंट टाळा. दगडी भिंतीतली ओल आत कोंडून गिलावा फुगतो. तक्तपोशी रंगवू नका, सागवान तसेच राहू दे. फळ्याची भिंत मात्र पांढरीशुभ्र नको, फिकट करडी ठेवा, म्हणजे काळ्या फळ्याशेजारी डोळे दिपणार नाहीत.

पाटीपेन्सिल

झरोके कबुतरांमुळे प्लायवूडने बंद केलेत. आणि सीलिंग काढल्यावर आवाज घुमेल, असे शिक्षक म्हणतात.

चुनागच्ची

प्लाय काढा, बाहेरून वेगळ्या चौकटीवर 50 मिलिमीटर चौकोनांची नायलॉन जाळी लावा. मच्छरजाळी तिथे नको, ती धुळीने भरते आणि उजेड अडवते. फुटक्या तावदानांच्या जागी साधी पारदर्शक काच, चारही बाजूंनी दीड-दोन मिलिमीटर मोकळी. काच पक्की करायची लांबी (पुटी) खडूपूड आणि जवसाच्या तेलाची. आधी लाकडाला तेलाचा हात द्या, नाहीतर कोरडे लाकूड लांबीतले तेल शोषते आणि ती गळून पडते.

घुमण्याची तक्रार खरी आहे. मागच्या भिंतीवर आणि तुळयांच्या मधल्या जागेत फेल्टचे फिकट रंगाचे तक्ते लावा. झरोक्यांसमोर काही लटकवू नका.

उत्तरायण

काचेच्या कौलांबद्दल: तुमच्याकडे खाली तक्तपोशी आहे, त्यामुळे ती कापावी लागेल. त्यात ऊन थेट बाकांवर येईल. हा उपाय तक्तपोशी नसलेल्या पडवीसाठी ठेवा.

उत्तरेच्या खिडक्या हे तुमचे भाग्य आहे. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या 1878च्या इमारतीत चित्रकलेच्या वर्गांना उत्तरेचा उजेड दिला आहे तो याच कारणाने: तो शांत असतो, तासातासाला बदलत नाही. आपल्या अक्षांशावर साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत माध्यान्हीचा सूर्यही उत्तरेकडे झुकतो, पण तेव्हा सुट्टी किंवा पाऊस असतो, आणि इतका उंच असतो की जाड भिंतच सावली धरते.

डावीकडून येणारा उजेड लिहिणाऱ्या बहुतेकांना सोयीचा, म्हणून बाके फिरवू नका. चकचकीत पांढरा फळा आणाल तर खिडकीजवळच्या टोकाला झळाळीने अक्षर दिसणार नाही. खिडकी आणि फळ्यात मीटरभर भिंत सोडा.

काम सुरू करण्याआधी मोजा. ढगाळ दिवशी दिवे बंद करून बाकाच्या उंचीवर दर मीटरला लक्समीटर (उजेड मोजायचे यंत्र, लक्स हे त्याचे एकक) धरा, त्याच क्षणी दुसऱ्याने मोकळ्या मैदानात मोजायचे. फोनमधले ॲप यासाठी भरवशाचे नाही. आतला आकडा भागिले बाहेरचा, गुणिले शंभर. भारतीय मानक आयएस 2440 वर्गातल्या बाकांसाठी 1.9 ते 3.8 टक्के सांगते. त्यात गृहीत धरलेल्या 8000 लक्सच्या आकाशाला हे साधारण 150 ते 300 लक्स होतात. ढगाळ दिवसाचा आकडा मानकाशी तंतोतंत जुळणार नाही, पण कोणते बाक मागे पडतात ते कळेल. सीलिंग एकाच वर्गाचे काढा, पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे विश्वस्तांपुढे ठेवा.