दिव्यांग मुलासाठी खाजगी न्यास (ट्रस्ट) : हयातीतच करावा की मृत्युपत्रातून?

नमस्कार. मी रावेर तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या एका शाळेत शिक्षक असून येत्या मेअखेर वयाच्या 58व्या वर्षी निवृत्त होत आहे. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे आणि मुलगी भुसावळला दिली आहे. धाकटा सत्तावीस वर्षांचा असून त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. समज चांगली आहे, परंतु त्याला चालता येत नाही आणि सहीसाठी पेनही धरता येत नाही.

मालमत्ता म्हणाल तर वडिलोपार्जित सव्वातीन एकर केळीची बागायत, मी पगारातून घेतलेली दीड एकर, गावातले घर आणि निवृत्तीनंतर हाती येणारी रक्कम. माझ्या व पत्नीच्या पश्चात धाकट्याला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळावे, यासाठी 1982च्या निवृत्तिवेतन नियमांनुसार त्याचे नाव व वैद्यकीय प्रमाणपत्र कागदपत्रांत जोडले आहे. 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्जही दिला आहे. त्यामुळे या दोन बाबी कृपया पुन्हा सुचवू नयेत.

मृत्युपत्राबाबत आमचे घर एकदा पोळलेले आहे. आजोबांनी हौसेने स्टॅम्पपेपरवर मृत्युपत्र केले (मृत्युपत्राला मुद्रांक लागतच नाही, हे तेव्हा कोणी सांगितले नाही) आणि साक्षीला आपल्याच वयाचे दोन सोबती घेतले. आजोबा गेले तेव्हा दोन्ही साक्षीदार त्यांच्या आधीच गेलेले होते. फेरफाराच्या वेळी चुलत्यांनी हरकत घेतली, प्रकरण नऊ वर्षे चालले आणि शेवटी तडजोडीत जमीन वाटली गेली. विहीर मात्र सामाईक राहिली. पाण्याच्या पाळ्या वडिलांनी एका वहीत लिहून ठेवल्या आहेत : "शुक्रवार सकाळपासून रविवार रात्रीपर्यंत मोटर आपली." त्या वहीवर दोन्ही घरांच्या सह्या आहेत, परंतु सातबाऱ्याच्या इतर हक्कांत त्याची नोंद नाही. म्हणून मी साक्षीदार माझ्याहून तरुण आणि मालमत्तेत काहीही न मिळणारे निवडणार आहे, आणि सक्तीचे नसले तरी दस्त नोंदवणार आहे.

वडिलोपार्जित जमिनीत मुलीचाही मुलांइतकाच हक्क आहे, हे हिंदू वारसा कायद्यातील 2005ची दुरुस्ती आणि 2020चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचून मला मान्य आहे. त्या जमिनीपुरते मी मृत्युपत्रात केवळ माझ्या हिश्श्याविषयी लिहू शकतो, हेही समजते.

खरी अडचण न्यासाची आहे. गावातील एका जाणत्याने धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी करा, असे सांगितले. पण ती सार्वजनिक न्यासांसाठी असते आणि मला हवा आहे 1882च्या भारतीय न्यास कायद्याखालील खाजगी न्यास, ज्याचा लाभार्थी एकटा धाकटा असेल. स्थावर मालमत्ता ठेवायची तर असा न्यास नोंदणीकृत लेखाने किंवा मृत्युपत्रातून करावा लागतो. हयातीत केला तर तो कसा चालतो हे मला डोळ्यांनी पाहता येईल आणि विश्वस्त अजमावता येतील, पण एकदा दिलेले सहज परत घेता येणार नाही. मृत्युपत्रातून केला तर मरेपर्यंत बदल करता येईल, मात्र हरकत निघाल्यास धाकट्याच्या औषधपाण्याचा पैसाच अडकून पडेल. त्यामुळे निवृत्तीची काही रक्कम आताच न्यासात टाकावी आणि दीड एकर मृत्युपत्राने त्याच न्यासाकडे जावी, असे मनात आहे. हे दोन्ही एकत्र बसते का? शेतजमीन न्यासाच्या नावावर घेताना कूळकायद्यातील शेतकरी असण्याची अट आड येते का? की जमीन थोरल्याला देऊन तिच्या उत्पन्नाचा ठरावीक भाग न्यासाला देण्याचे बंधन घालणे बरे?

विश्वस्त म्हणून मुलगी तयार आहे. थोरला म्हणतो, "अण्णा, कागद कशाला, मी आहे ना." त्याच्या मनाविषयी मला शंका नाही, पण आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदार म्हणजे वर्षाचा शेतगडी ठरवणे, निमबटाईचा (निम्म्या वाट्याने दिलेल्या शेतीचा) हिशेब घेणे आणि पाण्याच्या पाळीवर चुलतभावांशी बोलणे पुण्याहून होत नाही. विश्वस्ताला मेहनताना हवा असेल तर तो लेखातच लिहावा लागतो असे वाचले. बहिणीला मेहनताना लिहिला तर भाऊ दुखावेल, आणि नाही लिहिला तर तिच्यावर अन्याय होईल.

जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यांत कोणी शेतजमिनीसह असा न्यास केला असल्यास लेखातील कोणत्या अटी उपयोगी पडल्या, आणि वहीतील पाण्याची पाळी सातबाऱ्यावर कशी आणली, हे कृपया सविस्तर कळवावे. वकिलांकडे जाणारच आहे, पण त्यांना काय विचारायचे हे आधी ठरवायचे आहे.