मुलगी परिपाठाला सावधान उभी राहते, पण प्रतिज्ञा म्हणत नाही. सक्ती करता येते का?

सातपुड्याचा_मास्तर (तळोदा तालुका)
जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवी माझ्याकडे आहे. यंदा सहावीत एक मुलगी नवीन आली. आईबाप ऊसतोडीला गुजरातेत, ही मावशीकडे. घरचे ख्रिस्ती, त्यातही फार कडक पंथाचे. राष्ट्रगीत सुरू झालं की पोरगी ताठ उभी, नजर समोर, ओठ मात्र बंद. प्रतिज्ञेला उजवा हात पुढे करत नाही, प्रार्थनेला हात जोडत नाही. एरवी दिनविशेष वाचायला हीच सर्वांत पुढे.

विचारलं तर म्हणाली, "सर, आमच्यात देवाशिवाय कोणाला वचन देत नाहीत." बापाला फोन लावला. तो एवढंच बोलला, "मारू नका सर, बाकी तुम्ही म्हणाल तसं."

आता शाळा व्यवस्थापन समितीतल्या एका सदस्याने धरून ठेवलंय: म्हणत नसेल तर दाखला हातात द्या. मुख्याध्यापक मार्चमध्ये रिटायर होताहेत, त्यामुळे "तुमचा वर्ग, तुम्ही बघा." गुरुवारी समितीची मीटिंग आहे. कायदा काय म्हणतो? भावना नको, कागद हवा.

काळाकोट_धुळे
दाखल्याचं आधी सांगतो. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्क कायद्याचं कलम 16. मारणं आणि मानसिक त्रास देणं कलम 17 मध्ये बंद. सगळ्यांसमोर वेगळं उभं करणं हा त्रासच, हेही त्या सदस्यांच्या कानावर घाला.

आता राष्ट्रगीत. केरळात 1985 साली तीन भावंडांना याच कारणासाठी शाळेतून काढलं होतं. यहोवाचे साक्षीदार या पंथाची मुलं. उभी राहायची, गायची नाहीत. एका आमदाराच्या डोळ्यांवर आलं, विधानसभेत प्रश्न गेला, चौकशी बसली. चौकशीत निघालं की मुलं शिस्तीची आहेत, अपमान कुठेच नाही. तरी काढलं. 11 ऑगस्ट 1986 ला सुप्रीम कोर्टाने त्यांना परत घ्यायला लावलं. राष्ट्रगीत गायलाच पाहिजे असा कायदा नाही, आदराने उभं राहिलं की मान राखला गेला, असं कोर्ट म्हणालं. आधार राज्यघटनेची कलमं 19 (अभिव्यक्तीचं स्वातंत्र्य) आणि 25 (धर्माचं स्वातंत्र्य). 1971 च्या राष्ट्रीय सन्मानाच्या कायद्यात शिक्षा आहे ती राष्ट्रगीत मुद्दाम रोखणाऱ्याला किंवा त्यात गोंधळ घालणाऱ्याला. गप्प उभं राहणं त्यात बसत नाही.

हा निकाल राष्ट्रगीताचा आहे, प्रतिज्ञेचा नाही, हे समोरचा काढेल. पण तर्क तोच लागतो. अमेरिकेत झेंड्याला सलामी आणि प्रतिज्ञा यावरच 1943 मध्ये, ऐन महायुद्धात, तिथल्या सुप्रीम कोर्टाने सक्ती रद्द केली, तीही स्वतःचाच 1940 चा निकाल फिरवून. तो निकाल आपल्यावर बंधनकारक नाही, पण केरळच्या निकालात त्याची चर्चा आहे.

माजी_फौजी_चोपडा
वकीलसाहेब, कलमं ठीक आहेत. पण शाळा सरकारची, पुस्तकं फुकट, खिचडी फुकट, आणि "भारत माझा देश आहे" म्हणायला तोंड दुखतं? प्रतिज्ञेत कोणत्या देवाचं नाव आहे सांगा. आज एक गप्प, उद्या अर्धा वर्ग गप्प राहील.

सातपुड्याचा_मास्तर
काका, अर्धा वर्ग आजही गप्पच असतो! माझी निम्मी पोरं पावरा आदिवासी, घरात पावरी बोलतात. "विविधतेने नटलेल्या परंपरांचा" आलं की नुसता गुणगुणाट, आणि "अभिमान आहे" ला पुन्हा सगळ्यांचा आवाज चढतो. त्यांना कोणी देशद्रोही म्हणत नाही. ही मुलगी मात्र विचार करून गप्प राहते, तर तिचा दाखला काढायचा?

निवृत्त_बाई_अमळनेर
तुम्ही सगळे प्रतिज्ञेवर अडकलात, प्रार्थनेचं काय? तिथे तर कायदा आणखी स्पष्ट आहे. राज्यघटनेचं कलम 28 बघा: पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक उपासनेत बसवता येत नाही. मुंबई हायकोर्टाने 2013 मध्ये नाशिकच्या एका शिक्षकाच्या बाबतीत प्रार्थनेला हात जोडायची सक्ती चालणार नाही म्हटलंय. शिक्षकाला नाही तर पोरीला कुठून?

आमच्या शाळेत दर गुरुवारी आरती व्हायची, "संस्कार" म्हणून. मुसलमान पोरी मागच्या रांगेत खाली मान घालून उभ्या. मी हेडसरांना म्हटलं, आरती घरी करा, इथे साने गुरुजींची प्रार्थना घ्या, ते याच गावात शिकवत होते. महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत! पण आरती थांबली.

केळीवाला_रावेर
पोर नीट उभी ऱ्हास ना? मंग जाऊ द्या ना भो.

काळाकोट_धुळे
मास्तर, मीटिंगला तोंडी बोलू नका. बापाकडून साध्या कागदावर अर्ज घ्या: आमच्या श्रद्धेमुळे म्हणणार नाही, आदराने उभी राहील. अंगठा चालेल. निकालाची प्रत जोडा आणि इतिवृत्तात नोंद घ्यायला लावा. दाखल्याचा आग्रह धरलाच तर तसं लेखी द्या म्हणा. लेखी कोणी देत नाही.

सातपुड्याचा_मास्तर
बाप बारडोलीकडे तोडीवर आहे, गुरुवारपर्यंत यायचा नाही. मावशीच्या सहीने भागेल का?

काळाकोट_धुळे
सध्या मावशीची घ्या. बापाकडून अर्जाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवा, मूळ कागद दिवाळीला.